अंगठीची गोळी, शिट्टीची गोळी, तडतडी गोळी: पोटात नक्की जातं काय?

साळुंकी | शनिवार, रात्री १०:४०

परवा सोसायटीत एक वाढदिवस झाला. लेक पहिलीत आहे. रिटर्न गिफ्टच्या पिशवीत पेन्सिल-खोडरबर असेल असं वाटलं होतं, निघालं काय तर प्लॅस्टिकच्या अंगठीवर बसवलेली हिऱ्याएवढी, म्हणजे कोहिनूरएवढी, लालभडक गोळी, फुंकली की वाजणारी शिट्टीची गोळी, जिभेवर टाकली की तडतडणारी पुडी, आणि एक चक्क कमोडच्या आकाराची डबी. त्यात आंबट पावडर. लॉलीपॉप त्यात बुडवायचा आणि चाटायचा. हो, कमोडमध्ये बुडवून. कोणाच्या डोक्यात येतं हे?

पाकिटावरचा तक्ता मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचला कारण डोळ्यांनी दिसेना. प्रथिनं ०, स्निग्ध ०, कर्बोदकं ९७ ग्रॅम, ऊर्जा ३९० कॅलरी, दर १०० ग्रॅमला. म्हणजे साखर आणि रंग, बाकी काही नाही. मी म्हटलं टाकून देते तर घरात रडारड. सासूबाई म्हणाल्या, एका गोळीने काही होत नाही, तुझ्या नवऱ्याने चार आण्याच्या गोळ्या खाऊनच इंजिनिअरिंग केलं. नवऱ्याने यावर काहीच मत दिलं नाही पण रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातून तडतड आवाज आला, पुडी गायब.

तर प्रश्न दोन. एक, हे नक्की किती वाईट आहे, खरंखुरं सांगा, घाबरवू नका आणि लाडही करू नका. दोन, चव तर सगळ्यांची सारखीच असते मग पोरं यावर इतकी का मरतात?

बंडू_वाईकर | रात्री १०:५२

पॉपकॉर्न घेऊन बसतो. नको, तडतडी पुडीच घेऊन बसतो, तुमच्या मिस्टरांकडे उरली असेल तर.

गुळाची_ढेप | रात्री ११:१५

आहारतज्ज्ञ आहे म्हणून उत्तर देते. हिशोब सोपा आहे. साखरेच्या १ ग्रॅमला ४ कॅलरी. नेहमीची छोटी गोळी ४ ग्रॅमच्या आसपास असते म्हणजे १६ कॅलरी. अंगठीची गोळी १४-१५ ग्रॅमची धरा, ५५ ते ६० कॅलरी. दोन चमचे साखर घातलेल्या चहात ४० असतात. तेव्हा कॅलरीच्या नावाने बोंब मारायची तर आधी घरातल्या चहाच्या नावाने मारा.

पण बाजू बदलून बघा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ च्या आत ठेवलीत तर आणखी चांगलं. म्हणजे या वयाला जास्तीत जास्त ३४ ग्रॅम आणि शक्यतो १७. एका अंगठीत १७ मधले १४ गेले. उरले ३. त्यात सकाळच्या दुधातली पावडर, पोळीवरचा जॅम, मधल्या सुट्टीतलं क्रीमचं बिस्कीट. बसवा कसं बसवायचं ते.

आणि हो, तक्त्यात पौष्टिक काही सापडणार नाही हे आधीच सांगते. बिस्किटात निदान मैदा असतो, चिक्कीत शेंगदाणे. इथे नुसतं गोड आहे आणि ते गोड आहे हे कोणी लपवतही नाही. मला तर त्या 'व्हिटॅमिन सी युक्त' लिहिलेल्या गोळ्यांचा जास्त राग येतो. त्यापेक्षा पेरूची फोड द्या.

खवट_काका | रात्री ११:३१

आजकालच्या आया म्हणजे गोळी हातात घेतली की तक्ता वाचतात. आम्ही शाळेच्या फाटकावर लिमलेटच्या गोळ्या, चिंचेच्या गोळ्या, पेपरमीट, रंगीत बडीशेप, बोरकूट, सगळं खाल्लं. गोळी पडली तर चड्डीला पुसून खाल्ली. मेलो नाही.

दाढदुखी | रात्री ११:४४

काका, वरच्या प्रतिसादाला विनम्र प्रश्न. दाढा किती शिल्लक?

खवट_काका | रात्री ११:४७

वैयक्तिक टीका नको. कवळी उत्तम बसते.

दाढदुखी | रविवार, सकाळी ८:२०

हाहा, काका दिवा घ्या, म्हणजे हलके घ्या. मी दातांची डॉक्टर, कल्याणला दवाखाना आहे, रोज हेच बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅलरीचा मुद्दा ढेपताईंनी निकालात काढला. माझा मुद्दा घड्याळाचा आहे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडाचा पीएच (आम्ल मोजायचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या एनॅमलमधले, म्हणजे कडक आवरणातले, क्षार विरघळायला लागतात. मग लाळ येते, आम्ल धुते, क्षार परत भरते, पण याला अर्धा तास तरी लागतो. आता बघा, पेढा खाल्ला, गिळला, संपलं, अर्ध्या तासात गाडी रुळावर. अंगठीची गोळी कशी खातात? चाटायची, मैत्रिणीला दाखवायची, परत चाटायची, होमवर्क करताना चाटायची, मग कागदात गुंडाळून ठेवायची आणि संध्याकाळी परत काढायची. साखर तेवढीच १४ ग्रॅम, पण दोन तास लाळेला उसंत नाही. म्हणून माझ्या खुर्चीत मी 'किती गोळ्या खातो' असं विचारतच नाही. 'किती वेळ पुरते' विचारते. पोरं अभिमानाने सांगतात, एक गोळी पूर्ण सिनेमाभर.

कमोडची डबी त्याहून वाईट. त्यातल्या पावडरीत सायट्रिक नाहीतर मॅलिक ॲसिड असतं. ते तर जंतूंची वाटही बघत नाही, थेट दाताला लागतं. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करायला पळू नका, एनॅमल तेव्हा मऊ झालेलं असतं, घासलं की जातं. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश.

आणि 'दुधाचे दात, पडणारच आहेत' हे वाक्य मला ऐकवू नका. पुढचे पडतात सहा-सातला, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात.

बंडू_वाईकर | सकाळी ८:५८

म्हणजे गोळी कडाकडा चावून संपवावी का?

दाढदुखी | सकाळी ९:०५

चावा. फिलिंग निघालं की या.

टेक्सासची_ताई | सकाळी ९:४०

आमच्याकडे हॅलोविनला एका रात्रीत उशीभर गोळ्या जमतात. खरंच उशीच्या खोळीत जमवतात पोरं. अंगठीची गोळी इकडचीच, सत्तरच्या दशकात आली, रिंग पॉप म्हणतात. अंगठा चोखणाऱ्या मुलीची सवय मोडायला तिच्या वडिलांनी ही युक्ती काढली अशी गोष्ट सांगतात. म्हणजे अंगठा सुटावा म्हणून साखर चोखायला दिली. वा रे उपाय.

तडतड्या गोळीची गोष्ट मात्र मस्त आहे. विल्यम मिचेल नावाचे रसायनतज्ज्ञ जनरल फूड्स कंपनीत होते, टँगची पावडर काढणारे तेच. त्यांना पाण्यात टाकली की सोडा होईल अशी पावडर करायची होती, ती काही जमली नाही, पण जे झालं ते तोंडात फुटायला लागलं. पेटंट १९६१ चं, पण दुकानात यायला सत्तरचं दशक उजाडलं. मग अफवा उठली की ही गोळी आणि कोला एकत्र घेतल्याने एक मुलगा पोट फुटून मेला. जाहिरातीतला एक गोंडस पोरगा होता, त्याच्या नावाने उठवली. तो चांगला धडधाकट होता. पण आया इतक्या घाबरल्या की सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाला सिॲटलला खास फोनलाईन ठेवावी लागली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं बरं का.

साळुंकी | सकाळी १०:०२

ताई नेमकं हेच काल आमच्या शाळेच्या ग्रुपवर फिरत होतं!! पोट फुटण्याचं. पंचेचाळीस वर्षं झाली तरी फॉरवर्ड चालूच.

पाक_बनवतो | सकाळी ११:३०

इथे धंद्यातला माणूस कोणी दिसत नाही म्हणून लिहितो. मामांचा गोळ्यांचा छोटा कारखाना होता, कॉलेजच्या सुट्ट्या तिथेच गेल्या.

साखर आणि लिक्विड ग्लुकोज, साधारण दोनास एक, पाण्यात विरघळवून कढवायचं. पाक १५० डिग्रीपर्यंत न्यायचा, पाणी उडून २-३ टक्केच राहतं. ग्लुकोज कशाला, तर नुसत्या साखरेचा पाक थंड होताना परत दाणे धरतो, खडीसाखर होते. ग्लुकोज मध्ये घुसून दाणा धरू देत नाही. म्हणून गोळी काचेसारखी पारदर्शक. सारखी कशाला, ती काचच आहे, साखरेची. पाक गार टेबलावर ओतला की मामा रंग, एसन्स आणि सायट्रिक वरून टाकायचे. सायट्रिक कढईत टाकलं तर साखर फुटते, गोळी चिकट राहते. मग लोखंडी पात्यांनी घड्या घालत घालत मळायचं, कणकेसारखं, फक्त कणीक हात भाजत नाही. अर्धा गोळा भिंतीतल्या आकड्यावर टाकून ओढायचा, परत टाकायचा, परत ओढायचा. हवा शिरली की लालाचा गुलाबी आणि पिवळ्याचा मोतिया होतो. पट्ट्यापट्ट्यांची गोळी असते ना, त्यातली पांढरी पट्टी म्हणजे दूध नाही, हवा आहे.

तडतडीत हवेच्या जागी कार्बन डायऑक्साइड. पाक पातळ असतानाच त्यात ६०० पीएसआय दाबाने गॅस भरतात आणि दाबाखालीच गार करतात. कारच्या चाकात ३०-३२ असतो, अंदाज घ्या. दाब सोडला की लादी फुटून चुरा होतो पण बारीक बुडबुडे आत अडकून राहतात. जिभेवर साखर विरघळली की एकेक बुडबुडा सुटतो. पुडीतला सगळा गॅस सोड्याच्या अर्ध्या बाटलीइतकाही नसतो, त्यामुळे पोटबिट फुटत नाही, ढेकरसुद्धा धड येत नाही.

कारखान्यात पहिल्या आठवड्यात मी किलोभर तरी खाल्ल्या असतील. नंतर आजतागायत एक नाही. वास आला तरी पोटात ढवळतं.

कोकणी_मेवा | दुपारी १२:१०

काच म्हणालात ते पटलं. आमच्या गावात आषाढात दुकानातल्या बरणीतल्या गोळ्यांचा एकच ढेकूळ व्हायचा. बापूकाका बरणी आडवी करून बुडावर थापटायचे, तरी नाही सुटल्या तर सुरीने खणून द्यायचे. कागदासकट चिकटलेल्या. आम्ही कागदासकट तोंडात टाकायचो आणि कागद नंतर थुंकायचो. 'पावसाळी माल' म्हणून एक जास्त मिळायची.

मालेगावची_मैना | दुपारी १२:४५

गोळ्यांचा धागा आणि रावळगावचं नाव कोणीच घेतलं नाही?! वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये आमच्या मालेगावाजवळ साखर कारखाना काढला, गोळ्या चाळीसच्या दशकात सुरू झाल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, सगळ्या आमच्याकडच्या. २०२४ ला ब्रँड रिलायन्सने घेतले २७ कोटींना. सत्तावीस कोटी!! मुंबईत त्यात एक फ्लॅट येतो. आमचं अख्खं बालपण एका फ्लॅटच्या भावात गेलं.

नाशकात_निवांत | दुपारी १:००

+१. पान पसंद चघळत लग्न जमवायला गेलेले आमचे काका अजून अविवाहित आहेत, पण तो दोष गोळीचा नाही.

सुट्टे_पैसे | दुपारी १:२५

अवांतर: माझं किराणा दुकान आहे. पूर्वी 'सुट्टे नाहीत, गोळ्या घ्या' यावर दिवसाला बरणीचा चतुर्थांश खपायचा. २०११ च्या जूनअखेर चार आणे बंद झाले, आठ आणे लोक घेईनात, तेव्हा तर गोळी हेच नाणं होतं. आता मोबाईलने साडेसतरा रुपये टकाटक येतात. सुट्ट्याचा प्रश्न मिटला, गोळीही मिटली. आता लहान मूल बोट दाखवेल तीच गोळी विकते. आणि मूल बोट दाखवतं ते खेळण्याकडे. माझ्याकडे साधी संत्र्याची गोळी १ रुपयाला पडून आहे आणि शिट्टीवाली १० ला उडते. आतला माल एकच, हे मलाही माहितीये.

एक अपवाद, २०१५ ला आलेली पल्स. खेळणं नाही, चित्र नाही, कैरीची गोळी आणि मध्ये मीठ-मसाला. आठ महिन्यांत १०० कोटींची विक्री केली तिने. मोठी माणसं पाच-पाच मागायची.

गुळाची_ढेप | दुपारी २:१०

पल्सचं गुपित शाळेच्या फाटकावरच्या कैरी-तिखटमिठात आहे. नुसतं गोड जिभेला लवकर कंटाळा आणतं. मध्येच खारट आलं की जीभ दचकते आणि गोडाची परत नव्याने ओढ लागते. बाळंतिणीच्या पथ्याचं जेवण आणि लोणच्याची फोड आठवा.

साळुंकीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं सुट्टे_पैसे यांनी दिलंच आहे. ते खाणं नाहीच. खेळणं आहे, आणि साखर म्हणजे त्याचा सेल. सेल संपला की खेळणं बंद.

रंगात_रंग | दुपारी ३:००

रंगांबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून. आपल्याकडे आठच कृत्रिम रंग चालतात, टारट्राझीन, सनसेट यलो, कार्मोसिन, पोन्सो वगैरे, आणि प्रमाण १०० पीपीएमच्या आत, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. २००७ मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टनला मुलांवर एक अभ्यास झाला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, काही रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते) यांच्या मिश्रणाने काही मुलांचा चळवळेपणा थोडा वाढलेला दिसला. त्यावरून युरोपात २०१० पासून त्यातल्या सहा रंगांच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो. बंदी नाही, इशारा. 'रंगाने मुलं वेडी होतात' असं कोणी सांगितलं तर तेवढं खरं नाही, आणि 'काहीच होत नाही' हेही छातीठोक सांगता येत नाही. मी स्वतः पाकिटावर ई १०२, ११०, १२२, १२४ (वरच्याच चार रंगांचे क्रमांक) दिसले की ठेवून देतो. जत्रेतली सुटी, बिनपाकिटाची मात्र अजिबात नाही, त्यात कुठला रंग हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

खवट_काका | दुपारी ३:२०

जीभ निळी झाली नाही तर गोळी खाल्ल्याचा पुरावा काय?

कोकणी_मेवा | दुपारी ४:०५

आता थोडं गंभीर. दात, रंग, कॅलरी ठीक आहे पण मला या गोळ्यांची भीती वेगळ्याच कारणाने वाटते. सहा वर्षांपूर्वी एसटीने गावी चाललो होतो, भाचा तीन वर्षांचा, खिडकीत. शेजारच्या आजींनी प्रेमाने गोल गुळगुळीत लिमलेटची गोळी दिली, घाटात वळणावर गचका बसला आणि पोराचा आवाजच बंद. खोकला नाही, रडणं नाही, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. बहीण किंचाळायला लागली. मागच्या सीटवर नर्सिंगची एक मुलगी होती, तिने पोराला मांडीवर उपडं घेतलं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने थाडथाड मारलं. चौथ्याला गोळी टपकन पायरीवर पडली, अर्धी चघळलेली, नारिंगी. कंडक्टरने ती उचलून खिडकीबाहेर फेकली, शिव्या घालत, गोळीला. मग सगळी गाडी एकदम बोलायला लागली.

त्या आजी पुढचा तासभर रडत होत्या. त्यांचा काय दोष.

दाढदुखी | दुपारी ४:१८

वाचूनच धस्स झालं. निदान चार वर्षांच्या आत गोल कडक गोळी नकोच, आणि नंतरही बसून, पळताना नाही, गाडीत नाही, आडवं पडून नाही. सगळ्यांनी हे लक्षात ठेवा: मूल खोकत असेल तर खोकू द्या, आवाज बंद झाला तर पाठीवर पाच थापा, नाही निघाली तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र हे झटके द्यायचे नाहीत. घशात दिसत नसताना बोट घालू नका, आणखी खाली जाते. शिट्टीच्या गोळीचं तर मला कळतच नाही, कडक गोळी तोंडात ठेवून जोरात श्वास आत-बाहेर करायला लावतात!

शुगरफ्री_मामा | संध्याकाळी ६:३०

वातावरण हलकं करतो. मधुमेह निघाल्यावर भाच्याने सिंगापूरहून शुगरफ्री गोळ्यांचा डबा आणला. मी म्हटलं साखर नाही म्हणजे मोकळं रान. पुणे-नागपूर रात्रीचा प्रवास, वरचा बर्थ, आणि मी डबा अर्धा केला. माल्टिटॉल नावाचा प्रकार असतो त्यात, आतडं तो पुरता शोषत नाही, पाणी ओढून घेतो. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की जुलाब होऊ शकतात. मनमाड ते अकोला मी बर्थवर नव्हतोच. सहप्रवाशांनी रांग लावून माझी चौकशी केली, काळजीने नव्हे.

बंडू_वाईकर | संध्याकाळी ६:३५

मामा, तुम्हाला त्या कमोडच्या डबीची जास्त गरज होती.

माई_सोलापूर | रात्री ८:००

आमच्या ह्यांच्या खिशात मात्र साखरेच्या पेपरमिंटच्या गोळ्या कायम असतात. शुगर लो झाली, घाम आला की एक टाकतात. तेवढा तरी गोळीचा उपयोग.

गुळाची_ढेप | रात्री ८:२५

माई, उपयोग आहे पण एक नाही पुरायची. साखर उतरली की १५ ग्रॅम लागते आणि १५ मिनिटांनी परत मोजायची. म्हणजे ४ ग्रॅमच्या तीन-चार गोळ्या आणि त्याही चोखून नाही, चावून, कारण चोखून हळूहळू जाते आणि आपल्याला तर घाई असते. त्यापेक्षा तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या नाहीतर ग्लुकोज पावडर. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

ओसाकाचा_ओंकार | सोमवार, सकाळी ७:१०

सगळे अंगठीच्या गोळीला नावं ठेवताय, पण साखरेचे दागिने घालायची पद्धत कोणाची हो? संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने, बोरन्हाणाला बाळाला हलव्याचा मुकुट. अमेरिकेने एक अंगठी काढली, आपण मंगळसूत्र, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा सगळं काढून बसलोय.

इथे जपानमध्ये कोनपेइतो म्हणून काटेरी साखरेचे दाणे मिळतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा रडूच आलं, डिट्टो आपला हलवा. पोर्तुगिजांनी नेलेला पदार्थ, १५६९ मध्ये एका पाद्र्याने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला भेट दिला होता. मोठ्या तापलेल्या फिरत्या परातीत दाण्यांवर पाक शिंपडत दोन-दोन आठवडे वळतात. आजी हेच करायची, शेगडीवर परात, खसखस नाहीतर तीळ, चमच्याने थेंब थेंब पाक आणि बोटांनी सारखं हलवायचं. हात थांबला की काटा मोडला. तिची बोटं संक्रांतीआधी आठवडाभर लाल असायची आणि आम्हाला परातीजवळ फिरकू द्यायची नाही, म्हणायची तुमच्या श्वासाने काटा बसतो.

मालेगावची_मैना | सकाळी ८:००

अगदी. आणि आमच्याकडे होळीला हार-कडे असतात ना, साखरेचे. लाकडी साच्यात दोरा ठेवून पाक ओततात. गळ्यात हार, हातात कडं, आणि पोरं दिवसभर स्वतःचेच दागिने चाटत हिंडतात. संध्याकाळी गळा असा चिकट की बनियन निघत नाही. तिकडे पाडव्याला गुढीला गाठी म्हणतात तेच.

खवट_काका | सकाळी ८:१५

आता म्हणा, तक्ता कुठाय त्याचा?

दाढदुखी | सकाळी ८:४०

काका, हार-कडे वर्षातून एकदा. वाढदिवस आमच्या सोसायटीत वर्षाला चाळीस.

साळुंकी | सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. धागा इतका पळेल वाटलं नव्हतं. अपडेट देते.

काल लेकीला जवळ घेऊन विचारलं, तुला त्या अंगठीत एवढं काय आवडलं, गोड होती का. ती म्हणाली, "गोड नाही गं, ती घातली की सगळ्या माझा हात धरून बघतात." मग म्हणे तिने चाटलीच नाही फार, संपली असती ना.

आज सकाळी दप्तर उचललं तर ओट्यापर्यंत मुंग्यांची रांग. कंपासपेटीत, टिशूत गुंडाळून, अर्धवट चाटलेली अंगठी. पट्टी, खोडरबर, शार्पनर सगळं चिकटून एकजीव झालेलं, अगदी बापूकाकांच्या बरणीसारखं. गरम पाण्यात बुडवून सगळं सोडवलं. गोळी विरघळली, लाल पाणी झालं, प्लॅस्टिकची अंगठी तेवढी उरली. मला वाटलं आता भोकाड पसरेल. ती अंगठी पुसून बोटात घालून शाळेत गेली, वर आईची एक टिकली चिकटवून.

कमोडची डबी धुऊन तिने त्यात हेअरक्लिपा ठेवल्यात, मला ते रोज बघावं लागतंय. शिट्टी मी फेकली, दाढदुखीताईंचं वाचल्यावर धीरच झाला नाही. यापुढे गोळी मिळालीच तर जेवणानंतर, एका बैठकीत, बसून, मग चूळ. कंपासपेटीत ठेवायची नाही. सासूबाई म्हणाल्या हे नियम ठीक आहेत पण त्यांच्या डब्यातल्या खडीसाखरेला लागू नाहीत.

नवऱ्याने अजून कबुली दिलेली नाही.

बंडू_वाईकर | रात्री १०:०५

त्यांची जीभ बघा, कोणत्या रंगाची आहे.

नवी_मावशी | मंगळवार, दुपारी ११:५५

धागा वर काढल्याबद्दल माफ करा, विषय निघालाच आहे म्हणून विचारते, ठाण्यात बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने हाताने करून देणारं कोणी आहे का? काटेरी हवेत, कारखान्यातले गुळगुळीत नकोत.

मालेगावची_मैना | दुपारी १२:०२

आषाढ चालू आहे हो. संक्रांतीला सहा महिने आहेत.

नवी_मावशी | दुपारी १२:०४

माहितीये गं, बाळसुद्धा अजून व्हायचंय. पण गेल्या वर्षी जाऊबाईंनी दिवाळीनंतर विचारलं तर सगळ्यांच्या ऑर्डरी बंद झाल्या होत्या.